परड्यातले प्रश्न : परात कोण चाटतंय?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं घर खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या वाटेवर. परड्यात आठ गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि तीन गिरिराज जातीच्या, वट्टात बारा. सकाळी भाताची कणी, भरडलेला मका आणि दुकानातली लेअरची (अंड्यावरच्या कोंबड्यांची) भरड एकत्र करून पडवीत परातीत घालते. दिवसभर फिरून-फिरून खातात. संध्याकाळी परातीत बरंच उरलेलं असतं, पण सकाळी बघावं तर परात चाटूनपुसून स्वच्छ. खाद्याचं पोतं महिना जात नाही आणि अंडी काही त्या मानानं नाहीत. ह्यांनी चार इंची पीव्हीसी पाइपला एल्बो लावून खाण्याची नळी केली, पण आषाढात ती आतून दाटून बसली. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, कोंबडीनं पाय ठेवला की झाकण उघडणारं पत्र्याचं भांडं ऑनलाइन मागवून देतो, एकदा भरलं की आठवडाभर बघायला नको. सासूबाई म्हणतात, कोंबडीला भांडं कसलं, अंगणात टाकलं की खाते. यातलं कुणाचं ऐकू?
– एक वाचक भगिनी, ता. खानापूर

उत्तर : वैनी, भांड्याचं नंतर बघू. आधी ती परात रात्री कोण चाटतंय ते ठरवूया. कोंबडी दिवेलागणीला खुराड्यात शिरली की तिचा दिवस संपला. अंधारात तिला धड दिसत नाही, म्हणून ती उठून खायलाही येत नाही. झोपताना अर्धी भरलेली परात सकाळी लखलखीत असेल, तर ते खाणं तुमच्या कोंबड्यांच्या पोटात गेलेलं नाही. आज रात्री परातीभोवती चुलीतली राख चाळून पसरा. बारीक पावलं आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ दिसली तर उंदीर. पाऊल मोठं आणि कुंपणाच्या कडेला माती उपसून ढीग घातलेलं बीळ असलं तर घूस. तुमच्या बाजूला परडं संपलं की भाताचा बांध लागतो, त्यामुळं मला घुशीचाच संशय जास्त आहे.

आता थोडा हिशेब. दिवसभर कोंडून ठेवलेल्या, अंड्यावरच्या कोंबडीला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. मोकळी फिरणारी गावरान कोंबडी तेवढं मागत नाही. ती शेणकईत उकरते, किडे-गवत खाते, मळणीचा सांडलेला भात वेचते. तिला वरून 40 ते 60 ग्रॅम मिळालं तरी ती खुशीत असते. गिरिराज अंगानं थोराड, तिला थोडं जास्त धरा. तुमच्या बारा जणांना दिवसाला पाऊण किलो पुष्कळ झालं. म्हणजे महिन्याला बावीस-तेवीस किलो, आणि पोतं पन्नासचं असेल तर ते दोन महिने पुरायला हवं. तुमचं महिन्यात संपतं, म्हणजे निम्मं पोतं दुसराच कोणी खातोय. एक उंदीर दिवसाला 20-25 ग्रॅम धान्य खातो, आणि खातो त्याहून जास्त मुतून-हगून नासवतो. उंदरा-घुशीच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप माणसालाही येतो. पहाटे अनवाणी पायांनी परात उचलायला घरातली बाईच जाते, हे मुद्दाम सांगते.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात अर्धं तथ्य आहे. दाणा टाकायचा असेल तर अंगणच चांगलं. तिन्हीसांजेच्या आधी मूठभर जोंधळा किंवा मका टाकून हाक मारली, की सगळ्या येतात, मोजता येतात आणि कोण लंगडतंय, कोण पिसं फुगवून बसलंय ते दिसतं. पण अंगणात टाकायची ती फक्त अख्खी दाणेदार वस्तू, तीही जमीन कोरडी असताना आणि पाच मिनिटांत संपेल एवढीच. भरड जमिनीवर टाकली की अर्धी मातीत जाते आणि उरलेली विष्ठेत कालवली जाते. पावसाळ्यात त्यातूनच जंत आणि रक्ती हगवण पसरते. सासूबाईंच्या काळी दुकानाची भरडच नव्हती, त्यामुळं त्यांची पद्धत त्या दाण्याला बरोबर होती.

मुलगा म्हणतो ते पायदाबाचं भांडं म्हणजे पत्र्याची पेटी, पुढं एक फळी. कोंबडी फळीवर चढली की तिच्या वजनानं झाकण वर जातं, उतरली की बंद. उंदीर हलका, त्याच्यानं फळी दबत नाही, म्हणून खाणं सुरक्षित, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. उंदीर-चिमण्यांच्या त्रासाला अनेक ठिकाणी ते कामी येतं. पण तुमच्या परड्यात ते बसत नाही, आणि त्याची कारणं मुलाला समजतील अशी सांगते.

पहिलं कारण वजनाचं. गावरान कोंबडी सव्वा ते दीड किलोची, आणि नुकती अंड्यावर आलेली तलंग किलोभराचीच. गिरिराज कोंबडी त्यांच्या दुपटीच्या घरात. गिरिराज ही बेंगळूरच्या हेब्बाळ पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली जात, अंडी आणि मांस दोन्हींसाठी केलेली. फळी गिरिराजच्या वजनाला लावली तर गावरान कोंबडी तिच्यावर उभी राहून झाकणाकडं बघत बसेल. ती तलंगीच्या वजनाला सैल केली, तर मग घूस आहेच. पोसलेली मोठी घूस किलोच्या आसपास भरते, म्हणजे तुमच्या तलंगीएवढी. ती फळीवर बसली की झाकण तिच्यासाठीही उघडणार. मुलगा ऐकेना तर त्याला सांगा, भांडं आल्यावर फळीवर साखरेची किलोची पुडी ठेवून बघ. झाकण उघडलं, तर त्यात घुशीची सोय झाली. उघडलं नाही, तर तलंगीची सोय झाली नाही.

दुसरं म्हणजे ते शिकवावं लागतं. आठवडाभर झाकण पूर्ण उघडं बांधून ठेवायचं, मग अर्धं, मग मोकळं सोडायचं. झाकण वाजलं की गावरान कोंबडी दचकते आणि दोन दिवस त्या बाजूला फिरकत नाही. एक धीट कोंबडी शिकते, बाकीच्या तिच्या बाजूला उभ्या राहून चोच घालतात. ती उतरली की झाकण बाकीच्यांच्या मानेवर येतं. चांगल्या भांड्यात झाकण हळू मिटावं अशी सोय असते, स्वस्तात ती नसते. पिल्लं असलेल्या परड्यात तर हे भांडं आणूच नये.

आणि तिसरं म्हणजे ‘आठवडाभर बघायला नको’. कोंबडी पाळायची आणि आठवडाभर बघायचं नाही, हे पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते, माळ्यावरच्या घोंगड्यांना वास येतो. तिथं पेटीत आठवड्याची भरड भरून ठेवली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची ढेकळं होतात. खालच्या थराला हिरवट बुरशी धरते, वरून काही कळत नाही.

त्या बुरशीबद्दल सविस्तर सांगते. मका आणि शेंगपेंड या दोन्ही तिच्या आवडीच्या जागा, आणि दुकानाच्या भरडीत दोन्ही असतात. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले. आधी कुणाला रोगच कळेना. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीत बुरशीचं विष निघालं. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्या विषानं यकृत जातं. थोडं-थोडं पोटात गेलं तर कोंबडी मरत नाही, पण अंडी कमी होतात, तुरा फिका पडतो आणि लशीचा गुणही नीट येत नाही. म्हणून मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली असूनही कोंबडी गेली, की लोक लशीला दोष देतात. बुरशी लागलेलं खाद्य उन्हात वाळवून किंवा कढईत भाजून चालतं असा एक समज आहे. तसं चालत नाही. भाजल्यानं बुरशी मरते, विष राहतं. ते खाद्य कोंबडीला नको, म्हशीलाही नको, खड्ड्यात पुरा. पावसाळ्यात खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणावं. पोत्यात थोडं स्वस्त पडतं म्हणून दोन महिन्यांचं भरून ठेवू नये.

तुमच्या ह्यांच्या नळीचं सांगते, नाहीतर ते रागावतील. पाइपची नळी वाईट नाही, तिच्यात घातलेली वस्तू चुकीची आहे. भरड म्हणजे पीठ. चार इंची उभ्या पाइपमध्ये पीठ आपल्याच भारानं दाटतं आणि मध्येच कमान धरून अडकतं. वरून बघावं तर नळी भरलेली, खाली कोंबडी उपाशी. ओलीत हे आणखी लवकर होतं. त्याच नळीत भरडलेला मका, जोंधळा किंवा गोळीचं खाद्य घाला, व्यवस्थित उतरेल. फक्त खालचा एल्बो सोल्युशन लावून चिकटवू नका, नुसता दाबून बसवा. म्हणजे आठ दिवसांनी काढून, आतून बाटलीच्या ब्रशनं घासून, उन्हात ठेवता येईल. वरच्या तोंडाला टोपी हवीच. उन्हाळ्यात, वळवाच्या आधी, ह्यांची नळी दाण्यासाठी वापरा.

आता घ्यायचं काय. पशुखाद्याच्या दुकानात लाल तळाचं, वर पांढरं किंवा पिवळं नळकांडं असलेलं टांगतं भांडं मिळतं, ते घ्या. पोल्ट्रीवाले वापरतात तेच. तीन ते पाच किलोचं बस झालं, दहा किलोचं नको. घेताना हात घालून तीन गोष्टी बघा. तळाच्या ताटलीची कड आत वळलेली असावी, म्हणजे चोचीनं खाणं बाहेर ओढता येत नाही. ताटलीत आऱ्यांसारखे कप्पे किंवा जाळी असावी, नाहीतर कोंबडी आडवी चोच मारून मक्याचा दाणा शोधते आणि भरड उधळते. आणि नळकांडं वर-खाली करून फट कमी-जास्त करता यावी. भरडीला फट थोडी जास्त, दाण्याला कमी. नळकांड्याला तिरकं झाकण मिळालं तर उत्तम. सपाट झाकणावर कोंबडा चढून बसणार आणि बसल्या जागी घाण करणार.

एक मोठं घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. गोल भांड्याला दर कोंबडीमागं साधारण सहा-सात सेंटीमीटर कड धरतात. चौदा इंची ताटलीची कड 110 सेंटीमीटर होते, म्हणजे हिशेबानं तुमच्या बाराही जणी एका भांड्यावर मावतात. पण कोंबड्यांत मानपान फार. तिन्ही गिरिराज एका भांड्याभोवती फिरत राहतील आणि सगळ्यात खालच्या मानाची गावरान तलंग दिवसभर कोपऱ्यात. तीच अंडी देत नाही म्हणून तिचीच पहिली भाजी होते. दोन भांडी दोन टोकांना, एकमेकांना न दिसतील अशी टांगली, की गिरिराजला दोन्हीकडं पहारा जमत नाही.

उंची हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि त्याला पैसा लागत नाही. भांड्याची कड सगळ्यात लहान कोंबडी उभी असताना तिच्या पाठीच्या रेषेत यावी. त्याहून खाली असलं तर कोंबडी पायांनी उकरते, आत घाण करते. वर असलं तर लहानगीची चोच पोचत नाही. गिरिराजला थोडं वाकावं लागेल, त्यानं तिचं काही बिघडत नाही. आणि ताटली कधी काठोकाठ भरू नका. पोल्ट्रीतला जुना ठोकताळा आहे : लांबट भांडं काठोकाठ भरलं तर तीस टक्क्यांपर्यंत खाणं सांडतं, निम्मं भरलं तर तीनेक टक्के, एक तृतीयांश भरलं तर टक्काभर. तुमच्या परातीची कड तर आत वळलेलीच नाही, त्यामुळं ती त्या हिशेबातही बसत नाही.

टांगायचं पडवीच्या वाशाला, पागोळ्यांपासून हातभर तरी आत. पाऊस तिरका येतो, त्या बाजूला एखादं जुनं पोतं किंवा झाप बांधा. पाण्याचं भांडं खाण्यापासून पाच-सहा पावलं लांब असू द्या. कोंबडी एक घास खाऊन लगेच पाण्यात चोच बुडवते आणि ओल्या चोचीनं परत भरडीत येते, तिथं चिकट खळ होते. मात्र पाणी सावलीत आणि भरपूर हवं. कोंबडी खाते त्याच्या दुप्पट पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाणी आटलं की खाणंही सुटतं.

आता घुशीचं. टांगलेलं भांडं म्हणजे उंदरापासून सुटका, असं दुकानदार सांगेल. त्याचं खरं मानू नका. उंदीर दोन-अडीच फूट सहज उडी मारतो, आणि कोंबडीच्या पाठीची उंची वीतभर. वरून तारेवरूनही तो उतरतो. खरा उपाय एवढाच, की रात्री खाणं तिथं नसलं पाहिजे. म्हणूनच मी टांगतं भांडं सांगितलं. तारेला एस आकाराची आकडी लावा. संध्याकाळी अंडी गोळा करताना भांडं आकडीवरून उतरवा, उरलेलं खाद्य डब्यात ओता, भांडं घरात ठेवा. सकाळी दिवसापुरतं मोजून भरून परत टांगा. रोज मोजायला लागलात की आठवड्यात कळेल, कोंबड्या खरंच किती खातात. त्याहून अर्धी मूठ कमीच घालायची, म्हणजे संध्याकाळी उतरवायला काही उरतच नाही.

पोतं पडवीत उभं असेल तर भांडं कितीही चांगलं आणलं तरी उपयोग नाही. प्लॅस्टिकचा पिंप आणि बुरुडाची बुट्टी दोन्ही घूस रात्रीत कुरतडते. पत्र्याचं, घट्ट झाकणाचं पिंप आणा आणि खाली दोन फळ्या घालून भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा. उंदरांचं औषध परड्यात टाकू नका. औषध खाऊन मेलेला किंवा झिंगलेला उंदीर कोंबडी चोचीनं फाडते, कुत्रं खातं, घुबड उचलून नेतं. तारेचा पिंजरा लावा, आत सुक्या मासळीचं डोकं. आणि बांधावर धामण दिसली तर काठी आणायला धावू नका. ती आहे म्हणून घुशी आहेत त्याहून जास्त नाहीत. एखादं अंडं नेलंच तर नेऊ दे.

मुलाला पैसे खर्चायचेच असतील, तर दोन टांगती भांडी, एक पत्र्याचं पिंप आणि एक पिंजरा एवढं घेऊन दे म्हणावं. पायदाबाच्या एका चांगल्या भांड्याच्या पैशांत हे सगळं बसावं.

प्रश्न : काकू, मी कॉलेजला आहे, आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. आमच्या खुडूक कोंबडीनं नऊ पिल्लं काढली आहेत. पिल्लांसाठी वाटीत खाद्य ठेवलं की कोंबडी उकरून सगळं उधळते, नाहीतर बाकीच्या कोंबड्या येऊन खातात. पिल्लांसाठी वेगळं भांडं कोणतं घेऊ? मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य त्यांना चालेल का?
– एक विद्यार्थी, ता. बेळगाव

उत्तर : बाळा, भांडं आणण्याआधी घरातलं डालगं शोध. आज्जीला विचार, माळ्यावर पडलेलं असेल. ज्याच्या खाली तुम्ही कोंबड्या झाकता, तेच, फक्त आता उलटा उपयोग. डालगं पालथं घालून एका बाजूनं दोन विटांवर थोडं उचल, इतकंच की पिल्लू आत जाईल आणि कोंबडी जाणार नाही. खाद्य आत ठेव. पिल्लं आत-बाहेर करतील, आई बाहेर उभी राहून कुरकुर करेल. ती लांब जात नाही, म्हणून पिल्लंही घाबरत नाहीत. वर एक धोंडा ठेव. कावळा आणि मांजर दोन्हीला डालगं म्हणजे भिंत.

पहिले दोन-तीन दिवस भांडंच नको. जाड कागदावर किंवा सपाट ताटलीत थोडं-थोडं पसर, पिल्लाला चोच मारायला कळलं पाहिजे. कागद रोज बदल. रद्दीचा गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय घसरतात आणि पिल्लाचे पाय फाकतात. नंतर लांबट भांडं. पहिल्या महिन्यात एका पिल्लाला अडीच सेंटीमीटर कड पुरते, म्हणजे फूटभर भांड्याच्या दोन्ही बाजूंना तुझी नऊ पिल्लं आरामात राहतात. दुकानात भोकांचं झाकण असलेलं पत्र्याचं मिळतं. पण तुमच्या बाजूला बांबू काही कमी नाही. तीन-चार इंच जाडीचं एक पेर दोन्हीकडच्या गाठींसह घे, उभं चीर, खाली दोन आडवे तुकडे ठोक म्हणजे कलंडणार नाही. चिरलेल्या कडा काचेनं किंवा पॉलिश पेपरनं घासून घे. पावसात बांबूला लवकर बुरशी येते. चार दिवसांनी धुवायचं आणि चुलीजवळ सुकवायचं. खराब झालं तर चुलीत घालायचं आणि दुसरं चिरायचं.

लेअर खाद्य पिल्लांना अजिबात नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. आधी चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं), आणि पहिलं अंडं दिसलं की लेअर. गावरानला ते अंडं यायला पाच-सहा महिने लागतात. सगळ्या वयाच्या एकत्र फिरत असतील आणि वेगळं घालणं जमत नसेल, तर सगळ्यांना ग्रोअरच घाल आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव. ज्या कोंबडीला हवा ती आपण होऊन खाते. घरी तिसऱ्या आणत असाल, कारवार-गोव्याच्या गाडीची मासळी बेळगावात येतेच, तर शिंपल्या टाकू नका. धुऊन, चुलीच्या निखाऱ्यावर तापवून, खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुट. अगदी पीठ करू नको, जाडसर चुरा पोटात सावकाश विरघळतो आणि रात्री, कवच तयार होताना, उपयोगी पडतो.

पाण्याच्या ताटलीत खडे टाक. आठवड्याचं पिल्लू बोटभर पाण्यात बुडून मरतं.

प्रश्न : ताई, निपाणीजवळ आमचं शेत आहे. टांगती भांडी आधीपासून आहेत, उंचीही बरोबर आहे. तरी कोंबड्या मका तेवढा वेचून खातात आणि भरड तळाला तशीच राहते. भांडं बदलू का?
– एक शेतकरी, ता. निपाणी

उत्तर : नको, दादा. भांड्याचा दोष नाही, तुम्ही एकाच ताटात जेवण आणि फरसाण वाढताय. कणी-मका भरडीत मिसळला की कोंबडी आधी मका शोधणार, आणि जीवनसत्त्वं, क्षार, पेंड सगळं त्या तळच्या पिठातच असतं. सकाळी भांड्यात फक्त भरड. मका आणि जोंधळा संध्याकाळी, वेगळा, हातानं. दोन दिवस रुसतील, मग खातील. ताटली रिकामी होईपर्यंत नवीन भरड ओतू नका. रोज एकदा ताटली पूर्ण रिकामी झालीच पाहिजे. तळाचं पीठ फारच बारीक असेल, तर दुपारी तेवढंच पातळ ताकात किंवा पाण्यात ओलसर कालवून उथळ भांड्यात द्या, तुटून पडतील. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. तुमच्याकडे ऊन कडक, उरलेलं संध्याकाळपर्यंत आंबतं.

प्रश्न : जुना टायर उभा चिरून त्याचं भांडं केलं तर चालेल का? फुकटात होतं.
– एक वाचक, ता. हुक्केरी

उत्तर : नका करू. चिरलेल्या कडेतून आतली तार बाहेर येते आणि कोंबड्याचा तुरा, गळ्याखालची लाल पाळी फाटते. एकीला रक्त आलं की बाकीच्या तिथंच टोचतात. शिवाय पावसाळ्यात टायरात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. फुकटात करायचं तर घराच्या पन्हळीचा उरलेला पीव्हीसीचा अर्धगोल तुकडा घ्या, दोन्ही तोंडांना टोप्या बसवा. वर एक गुळगुळीत काठी अशी आडवी घाला की तिच्यावर कोंबडी चढली तर काठी गरकन फिरेल आणि कोंबडी खाली येईल. एका कोंबडीला दहा सेंटीमीटर कड धरा. दोन फुटांचा तुकडा दोन्ही बाजूंनी खायला मोकळा ठेवला तर बाराजणींना पुरतो. तोही रात्री उचलून घरातच ठेवायचा.